डिप्पर

ऊसतोड सुरू झाली की शिरड शहापूरहून वसमतकडे जाणारा रस्ता रात्री वेगळाच होतो. पुढे ट्रॉली आहे हे कित्येकदा उसाचे वाढे दिसल्यावरच कळतं. परवा मगरिबनंतर मी त्याच रस्त्याने मोटारसायकलवर घरी येत होतो. समोरून सायकलवर एक मजूर आला. मी डिप्परवर टाकलं तर पुढे मिट्ट काळोख. अप्पर लावला तर तो बिचारा डोळ्यांवर हात धरून थांबला. उरलेला रस्ता वीसच्या वेगाने आलो.

गॅरेजवाल्याला फोन केला. गाडी न पाहताच तो म्हणाला, “सर, स्विच आणि वायरिंग, दोन्ही बदलून टाकू.” मास्तर माणूस दिसला की असाच सल्ला मिळतो, असा माझा अनुभव आहे.

रविवारी गाडी अंगणात घेतली. मुलगी उर्दू माध्यमात दहावीला आहे. तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात बर्की रौ, मुजाहमत सगळं आहे. मराठीत विद्युतधारा आणि रोध. गणितं ती झटकन सोडवते, पण पुस्तकातली ही मुजाहमत डोळ्यांनी कधी पाहिली नव्हती. तिच्या हाती स्क्रूड्रायव्हर दिला तेव्हा ओसरीवरून अम्मी म्हणाली, “छोरी के हात में ये कायकू? कल को गॅरेज डालना है क्या?” मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “खोल.”

अप्पर लागतो, म्हणजे करंट येतोय आणि अर्थही ठीक आहे. उरल्या तीन शक्यता: बल्बची डिप्परची तार तुटली, वायर तुटली किंवा स्विच बिघडला. आमच्या गाडीत हेडलाइटच्या मागे निळी वायर अप्परची, पांढरी डिप्परची आणि हिरवी अर्थची. इंजिन बंद करून निळी-पांढरीची अदलाबदल केली. इंजिन चालू करून बटण अप्परवर ठेवलं, तर डिप्परची तार लख्ख पेटली. म्हणजे बल्ब निर्दोष! “अब्बा, मग नवा बल्ब आणला असता तर पैसे वायाच गेले असते,” ती म्हणाली.

या गाडीचा हेडलाइट बॅटरीवर नाही, मॅग्नेटच्या कॉइलवर चालतो. म्हणून तपासताना इंजिन चालू ठेवावं लागतं. हे काम उघड्यावरच करावं, बंद खोलीत धूर कोंडतो.

वायरी परत जागेवर लावल्या. मग हँडलवरचा स्विच उघडायचा होता. आतली बारीक स्प्रिंग उडाली तर सापडत नाही, म्हणून खाली अम्मीची पांढरी ओढणी अंथरली (तिची तक्रार त्याबद्दलही होती). आत येणारी करंटची वायर आणि पांढरी वायर तारेच्या तुकड्याने जोडल्या. डिप्पर लागला. म्हणजे वायरही शाबूत. दोष सापडला तो पितळेच्या इवल्याशा पट्टीत. पावसाचं पाणी जाऊन ती कळकली होती, हिरवट-काळी.

“दादी, बघ, बिनकल्हईच्या पातेल्यासारखं झालंय,” मुलगी म्हणाली. अम्मी उठून आली. पितळ कळकणं म्हणजे काय ते तिला आम्हा दोघांपेक्षा जास्त ठाऊक.

३५ वॅटचा बल्ब, १२ व्होल्ट, म्हणजे जवळपास ३ अँपिअर. हा सगळा करंट त्या पट्टीतून जातो. कळक आली की रोध वाढतो, रोधाने पट्टी तापते आणि प्लास्टिक मऊ होतं. आमच्याकडे पोरं हौसेने दुप्पट-तिप्पट वॅटचे बल्ब बसवतात आणि मग कंपनीला शिव्या देतात. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा हेडलाइट इंजिनबरोबर आपोआप लागतो, बंद करायचं बटणच नसतं. डिप्परचं बटण मात्र त्यांनाही आहे, आणि पाऊस त्यांच्यावरही पडतो.

मुलीने बारीक पॉलिश पेपरने पट्टी चमकवली, कापडाने पुसली, व्हॅसलीनचा अगदी पातळ हात दिला. स्प्रिंग बसवायला मात्र तिला तीन वेळा प्रयत्न करावा लागला, मी हात लावला नाही. अंधार पडल्यावर भिंतीवर उजेड टाकून पाहिला: अप्पर, डिप्पर, अप्पर, डिप्पर. शेजारची लहान मुलं जमली.

स्विचची एक कड वितळलेली आहे, त्यामुळे पावसाळ्याआधी तो बदलावा लागेल. गॅरेजला कशाला न्यायचा, पोरगी बसवेल, असं अम्मीने परस्पर सांगून टाकलं आहे. ओढणीवरचा काळा डाग अजून गेलेला नाही.