बिल कमी करणारा डबा

धाटावच्या एमआयडीसीत मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. केमिकल कंपनी म्हटली की पंप, ब्लोअर, चिलिंगचे कॉम्प्रेसर, सगळा मोटरींचाच कारभार. मोटर फिरायची तर आधी तिचं चुंबकीय क्षेत्र उभं राहावं लागतं आणि त्यासाठी ती जादा करंट ओढते. त्यातून काम काही होत नाही, केबल आणि ट्रान्सफॉर्मर मात्र तापतात. लोड १०० किलोवॅट आणि पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या केव्हीएपैकी कामाचा वाटा, ०.८ असेल, तर १२५ केव्हीए ओढले जातात. साधारण ५५ केव्हीएआरचे कपॅसिटर जोडले की तो जादा करंट तेच पुरवतात, पॉवर फॅक्टर ०.९८ होतो आणि तेच काम १०२ केव्हीएत भागतं.

उच्चदाब ग्राहकांना १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे कामाच्या किलोवॅट-तासांऐवजी ओढलेल्या केव्हीए-तासांवर, बिल येऊ लागलं आणि पॉवर फॅक्टरचा हिशोब थेट युनिटमध्ये उतरला. तेव्हा नेमका लॉकडाऊन. प्लांट बंद, मोटरी थंड, पण ट्रान्सफॉर्मरजवळची कायम जोडलेली कपॅसिटर बँक चालूच. तिचा करंट वापरायला मोटरच नाही म्हटल्यावर पॉवर फॅक्टर लीडमध्ये, म्हणजे मोटरींच्या लॅगच्या उलट बाजूला, गेला. आता मीटर लॅग धरतो तसा लीडही धरतो, त्यामुळे नुसते दिवे चालू असताना बिल फुगलं. शेवटी ती बँक आम्ही ऑटोमॅटिक पॅनेलवर घेतली. लोड बघून रिले एकेक स्टेप आत घेतो, बाहेर काढतो. कॉन्टॅक्टर ओढल्याचा खटका कानावर पडला की पंप चालू झाला हे न बघताच कळतं.

पॅनेल लावलं की झालं, असं मात्र नसतं. इथल्या दमट, केमिकलच्या हवेत टर्मिनलवर हिरवट थर धरतो. उन्हाळ्यात एखादा डबा वरून फुगतो आणि आतून कामातून जातो. म्हणून टोंग टेस्टर लावून प्रत्येक फेजचा करंट बघायचा. कपॅसिटरला हात लावायचा तर सप्लाय बंद करून, चार्ज उतरू देऊन, मीटरने तपासूनच. पोरांना मी हे पुन्हा पुन्हा बजावतो.

रोह्याच्या बाजारात एकदा एक विक्रेता बिल कमी करणारा म्हणून प्लगमध्ये खोचायचा कपॅसिटरचा डबा विकत होता. छोटी मोटर चालवून तो टोंग टेस्टर दाखवी. डबा खोचला की ॲम्पिअर खरंच उतरत. शेजारच्या काकू पैसे काढायच्या बेतात होत्या. मी म्हटलं, "काकू, थांबा. उतरला तो करंट. आपल्या घरचं बिल किलोवॅट-तासांवरच येतं, ते तेवढेच राहणार."

"मग बिल उतरायचं कशानं?"

काकूंच्या घरातले पंखे जुने, दिवसभर फिरणारे, सत्तर-पंचाहत्तर वॅटचे. त्यापेक्षा एक बीएलडीसी पंखा बसवा म्हटलं, तो तिसाच्या आसपास घेतो. पुढच्या आठवड्यात त्यांनी हॉलमधला पंखा बदलून घेतला.