गुरुवारच्या सुट्टीची शाळा

पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यात भोसरी, पिंपरी, आकुर्डीपासून चाकणपर्यंत अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार वाटून घेण्यासाठी कधीकाळी ठरलेला हा वार इथे अजून टिकून आहे. शाळा मात्र रविवारी बंद. म्हणजे बाप घरी असतो त्या दिवशी मूल वर्गात, आणि मूल घरी असते त्या दिवशी बाप लाइनवर. त्यात पाळ्या. सेकंड शिफ्टचा आठवडा लागला की कित्येक घरांत बाप मुलाला जागेपणी पाहतच नाही. होमस्कूलिंगची चौकशी करायला येणारे इथले पालक शिक्षणशास्त्राच्या गप्पांनी सुरुवात करत नाहीत. ते वेळापत्रक सांगतात, फीचा आकडा सांगतात, वर्गात गप्प होत गेलेल्या मुलाबद्दल सांगतात. आणि मग दोन प्रश्न येतात: हे कायद्याला धरून आहे का? आणि शिकवायचे कशातून?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ नाही. शिक्षणहक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. सहा ते चौदा वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य असल्याचे त्याचे कलम 10 सांगते. पण ते न पाळणाऱ्या पालकाला शिक्षेची तरतूद त्यात नाही. घरी शिकणाऱ्या मुलांची नोंदणी करणारी खिडकीही सरकारकडे नाही. गुन्हा नाही, मान्यताही नाही, अशा मोकळ्या पण निसरड्या जागेत ही कुटुंबे उभी असतात. म्हणूनच त्यांना एकमेकांची गरज इतर पालकांपेक्षा जास्त भासते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर याच पट्ट्यातून सुरू होते. अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरमधून 1975 साली बाहेर पडले आणि पुण्याच्या टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, इंजिनिअर म्हणून लागले. 1978 मध्ये वर्षभराची रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथल्या आठवडी बाजारात मिळणाऱ्या काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांतून त्यांचे काड्यांचे मेकॅनो जन्मले. त्रिकोण दाबून पाहिला तर हलत नाही, चौकोन लगेच कलतो. पुलाला आणि शेडच्या कैचीला त्रिकोण का असतात, हे मुलाला बोटांनी कळते. पुढे पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अशी शेकडो खेळणी केली आणि त्यांचे व्हिडिओ व हजारो पुस्तके, मराठीसह अनेक भाषांत, सर्वांसाठी फुकट खुली केली. फॅब्रिकेशन करणाऱ्या बापाला ही खेळणी लगेच आपलीशी वाटतात. त्याचे ज्ञान पोराच्या अभ्यासात पहिल्यांदाच कामाला येते, आणि हा क्षण मला कोणत्याही महागड्या अभ्यासक्रमाच्या किटपेक्षा मोलाचा वाटतो.

बाकी साहित्याचीही कमतरता नाही. 1967 साली स्थापन झालेल्या बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. ती मराठीखेरीज हिंदी, उर्दू, कन्नड, तेलुगू, गुजरातीतही आहेत. चाकणच्या भाड्याच्या खोल्यांत बिहारपासून कर्नाटकापर्यंतची कुटुंबे राहतात, तिथे ही गोष्ट फार मोठी आहे. बालभारतीच्याच ‘किशोर’ मासिकाचे 1971 पासूनचे अंक वाचायला मिळतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हरवर मुलांच्या गोष्टी खुल्या परवान्याने उपलब्ध आहेत. पालकांनी स्वतः वाचावे असे काही हवे असेल तर 1987 पासून पुण्यातून निघणारे ‘पालकनीती’ आहे. आणि चिंचवडला ऑटो क्लस्टरसमोर महापालिकेचे सायन्स पार्क 2013 पासून उभे आहे. शाळांच्या सहली नसतील तो दिवस निवडला तर प्रत्येक उपकरण दहा वेळा हाताळता येते.

खरी निवड इथून पुढे सुरू होते. अमेरिकेत होमस्कूलिंगच्या बाजारातला मोठा भाग धार्मिक प्रकाशकांचा आहे, आणि तिथल्या मराठी घरांना उत्क्रांती नीट शिकवणारे पुस्तक शोधून घ्यावे लागते. आपल्याकडे तो प्रश्न वेगळ्या वाटेने आला. एनसीईआरटीने अभ्यासाचा भार कमी करताना दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग काढला, तेव्हा एप्रिल 2023 मध्ये 1,800 हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्रक काढले. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये मात्र पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे. केंद्रीय अभ्यासक्रम म्हणजे वरचा आणि राज्याचा म्हणजे खालचा, असे मानून पुस्तके विकत घेणाऱ्या पालकांनी हे दोन्ही धडे शेजारी ठेवून पाहावेत.

धर्म बाजूला ठेवून शिकवायचे म्हणजे देहू-आळंदीकडे पाठ फिरवायची का, हा प्रश्न पालक हमखास विचारतात. उत्तर देहूतच आहे. तुकोबांची पालखी निघाली की तिचा पहिला विसावा अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी होतो, तिथे अभंग आणि आरती होते, मग पालखी पुढे सरकते. तिथून काही किलोमीटरवर देहूरोड. 25 डिसेंबर 1954 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे बुद्धमूर्तीची स्थापना केली, धर्मांतराच्या जवळपास दोन वर्षे आधी. जवळच शेलारवाडीच्या डोंगरात घोरावडेश्वरची बौद्ध लेणी आहेत आणि त्यांतल्या एका गाभाऱ्यात आज महादेव आहे. एका दिवसात ही सगळी ठिकाणे पाहून होतात. विहार कुणी खोदला, दान कुणी दिले, पुढे पूजा कशी बदलली, दर्ग्यापाशी पालखी का थांबते, हे प्रश्न दहा वर्षांचे मूल आपणहून विचारते. त्याला श्रद्धा ठेव असेही सांगायचे नसते आणि ठेवू नकोस असेही नाही. काय घडले, कुठल्या पुराव्यावरून कळते, आणि इथे येणारी माणसे त्याला काय मानतात, एवढे त्याच्यासोबत शोधायचे. तीच रीत चाकणच्या संग्रामदुर्गाला लावता येते. 1660 मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाईस्तेखानाच्या फौजेसमोर हा भुईकोट दीड महिन्याहून जास्त लढवला. उरलेला तट आणि खंदक पाहून मुलांनी त्याचा नकाशा काढावा, वेढ्यात धान्य-पाणी किती दिवस पुरेल याचे गणित मांडावे.

पण अशी फेरी एकट्या मुलासोबत अर्धीच होते. शेजारी अनगडशाहांना मानणाऱ्या घरातली मुलगी, देहूरोडच्या विहारात वाढलेला मुलगा आणि आळंदीच्या वारकऱ्याची नात चालत असेल, तर तिघांचे प्रश्न वेगळे असतात. होमस्कूलिंगची माझ्या मते सर्वांत मोठी जोखीम इथे आहे. अभ्यास मागे पडेल ही भीती बहुतांशी निराधार ठरते. आपल्यासारख्याच घरांशी तेवढे नाते उरणे, ही खरी भीती.

महाराष्ट्राला घरी शिकणे नवे नाही. पंडिता रमाबाई घरीच शिकल्या, आईकडून, संस्कृत. रमाबाई रानड्यांना पती न्यायमूर्ती रानड्यांनी घरी लिहायला-वाचायला शिकवले. ही घरे असामान्य होती, पण ती विद्या ज्यांच्या दारात पिढ्यान्‌पिढ्या होती त्यांचीच घरे होती. ज्यांच्या घरात अक्षर नव्हते त्यांच्यासाठी जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1848 मध्ये भिडे वाड्यात शाळा काढली, आणि 1882 मध्ये जोतीरावांनी हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी मांडली. शाळेचा बाक हा कित्येकांनी लढून मिळवलेला बाक आहे. तो सोडणाऱ्या पालकाने सोडताना हे ध्यानात ठेवावे, आणि बाकावर जी सरमिसळ आपोआप होत होती ती आता स्वतः घडवून आणावी.

ती कशी घडते? वाकड-पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांतल्या आयटीवाल्यांचे गट लवकर जमतात, पण ते क्लबहाउसपाशी थांबतात. तिथून हाकेच्या अंतरावर बांधकामाच्या साइटवर राहणारी मुले असतात. 1988 साली सुरू झालेली डोअर स्टेप स्कूल ही संस्था पुणे परिसरात अशा साइटवर वर्ग चालवते आणि मुलांना शाळेपर्यंत पोहोचवते. अशा संस्थेकडे गोष्ट वाचून दाखवायला, गणिताचे साहित्य करायला कुटुंबाने नियमित जावे. उपकार म्हणून नव्हे, मुलाचा आठवड्यातला एक तास म्हणून. भेटीचा वार गुरुवार ठेवला तर कामगार बाप येऊ शकतो. जागा क्लबहाउसऐवजी बागेत किंवा सार्वजनिक वाचनालयात ठेवली तर गेटवर नाव लिहावे लागत नाही. वर्गणी नको. डबा सामाईक असेल तर प्रत्येकाला खाता येईल असाच ठेवावा. गटाची भाषा इंग्रजी झाली की अर्धी घरे आपोआप गळतात, म्हणून मराठी-हिंदीत बोलावे.

शिक्षणहक्क कायद्याने घरातल्या शिक्षणाचे नाव एकाच ठिकाणी घेतले आहे. 2012 च्या दुरुस्तीने बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घराधारित शिक्षण निवडण्याचा हक्क दिला. तो हक्क निवडीचा आहे. शाळेने प्रवेश टाळण्यासाठी तो पुढे केला तर पालकांनी लेखी नकार मागावा. आणि भेटीची जागा ठरवताना जिन्याऐवजी उतार आहे का, हे गटाने आधी पाहावे.

राहता राहिले कागद. राज्य मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी आणि आठवीच्या परीक्षा आहेत. दहावीला मुख्य वाटा दोन: राज्य मंडळाची परीक्षा 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून देणे, किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. 17 नंबरच्या फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला लागतो, त्यामुळे कधीच शाळेत न गेलेल्या मुलासाठी एनआयओएस सोयीचे. तिथे चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर दहावीला बसता येते, प्रवेश पाच वर्षे चालतो आणि विषय एकेक करून सोडवता येतात. मुंबईच्या मालविका जोशीला सातवीत असताना आईने शाळेतून काढले. संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमधल्या तीन पदकांवर 2016 मध्ये तिला अमेरिकेत एमआयटीने घेतले. आपल्या आयआयटीचे दार मात्र बारावीच्या गुणपत्रिकेशिवाय उघडत नाही. मालविकाच्या बातमीचे कात्रण जपून ठेवणाऱ्या पालकांनी त्यातला हा दुसरा भागही वाचावा, आणि मूल तेराचे व्हायच्या आत, त्याला सोबत बसवून, एनआयओएसचे विषय ठरवून टाकावेत.