टाकी भरते, पण रिकामी कुणी करायची?

पनवेलहून रोह्याकडे जाणारी गाडी जिते सोडून पुढे आली की हमरापूर स्टेशन येते. याच भागात पेण तालुक्यातले जोहे गाव आहे. गणपतीच्या मूर्ती म्हटल्या की लोक पेणचे नाव घेतात. पण त्यातल्या पुष्कळ मूर्ती हमरापूर, जोहे, कळवे या गावांतल्या कारखान्यांत तयार होतात. साचे भरायचे, घासायचे, रंगवायचे, डोळे काढायचे, असे हे हातावर पोट असलेल्या माणसांचे काम. आम्हांला मात्र या गावाबद्दल बोलायचे आहे ते मूर्तींसाठी नव्हे. जिथे इतकी माणसे राबतात तिथे संडास लागतो, आणि संडासाखालची टाकी हा कुणी न बोलण्याचा विषय आहे. तोच आज बोलू.

हा पट्टा धरमतरच्या खाडीच्या बाजूचा. बांध घालून खारे पाणी अडवून भाताची शेते केलेला खारेपाट जवळच. सखल खारवट जमिनीत पावसाळ्यात चार हात खणले तरी पाणी लागते. देशावर शोषखड्डा पाणी पिऊन टाकतो. इथे जमीनच पाण्याने तुडुंब, ती आणखी काय पिणार? मग टाकीतले पाणी उलटे वर येते, नाहीतर झिरपत विहिरीला जाते.

खाडीतून मालाच्या बार्ज धरमतरला येतात. बाहेर समुद्रात मोठी जहाजे. जहाजावर संडास असतो, पण खड्डा खणायला जमीन नसते. मग मैला टाकीत साठवतात. 27 सप्टेंबर 2003 पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे मोठ्या जहाजाला प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांच्या, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरच्या आत सोडता येत नाही. तोही जहाज चालू असताना, हळूहळू सोडायचा. बंदरात आले तर नळी जोडून पंपाने टाकी रिकामी करायची. जहाजाला जो नियम, तो खाडीकाठच्या घराला का नको? आपल्या टाकीचा मैला रात्री ओढ्यात सोडला, तर भरतीबरोबर तो परत आपल्याच दारी येतो.

आता टाकी सांभाळायची कशी ते पाहू. चांगल्या टाकीचा तळ पक्का असतो आणि आत दोन कप्पे असतात. जड गाळ खाली बसतो, साय वर तरंगते, मधले पाणी पुढे जाते. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून निदान 60 फूट लांब हवा. लांब काठीला पांढरे फडके गुंडाळून टाकीत उभी सोडली की गाळ किती चढला ते बाहेरूनच कळते. गाळ आणि साय मिळून टाकीचा तिसरा हिस्सा भरला की गाडी बोलवावी. साधारण दोन-तीन वर्षांनी ही वेळ येते. फिनेल, ॲसिड बेताने वापरावे, कारण मैला कुजवणारे जंतू त्याने मरतात. लहान मुलांचे डायपर, पॅड टाकीत टाकू नयेत. आणि कारखान्यात बादल्या धुतलेले प्लास्टरचे पाणी संडासात कधीच ओतू नये. ते नळीत दगडासारखे घट्ट होऊन बसते.

टाकी उपसायची वेळ उन्हाळ्याची. 14 एप्रिलची जयंती झाली की मनावर घ्यावे आणि बुद्ध पौर्णिमेपर्यंत काम उरकावे. गणपतीच्या आधी, ऐन पावसात, कारखान्यांत कामाची घाई सर्वांत जास्त असते, हे एक कारण. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. जमिनीत पाणी भरलेले असताना टाकी पूर्ण रिकामी केली, तर हलकी टाकी होडीसारखी वर उचलली जाते. जोड निखळतात, भिंती तडकतात. म्हणून थोडा गाळ तळाला ठेवावा आणि टाकी लगेच साध्या पाण्याने भरून घ्यावी.

टाकी उपसायला मशीनची गाडीच हवी. झाकण उघडल्यावर जवळ बिडी-काडी पेटवू नये, कारण आतला वायू पेट घेतो. दुसरा वायू सडक्या अंड्यासारखा वास देतो. पण तो जास्त असला की नाकाला वासच कळेनासा होतो आणि माणूस काही क्षणांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. अशा बातम्या आपण किती वाचल्या! आणि मेलेली माणसे बहुधा कुठल्या वस्तीतली असतात, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

2013 च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणे हा गुन्हा ठरवला. पहिल्याच गुन्ह्याला 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने 27 मार्च 2014 रोजी गटार-टाकीत मेलेल्या कामगाराच्या घरच्यांना 10 लाख रुपये द्यायला सांगितले आणि 20 ऑक्टोबर 2023 रोजी ही रक्कम 30 लाख केली. पण 30 लाखांनी घरचा कर्ता माणूस परत येत नाही.

याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, महाडला 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पाणी सर्वांचे, हा तो लढा. पाणी सर्वांचे असेल तर ते स्वच्छ ठेवण्याचे कामही सर्वांचे. ते एकाच जातीच्या माथी मारता येत नाही.

म्हणून ग्रामसभेत दोन प्रश्न विचारा. गाडी कुठून येणार आणि उपसलेला मैला कुठे नेऊन टाकणार? कारखानदाराला तर कामावर जाण्याआधीच विचारा. घरात नवा संडास बांधायला काढाल तेव्हा फरशीचा रंग नंतर निवडा. आधी गाडीची नळी टाकीपर्यंत पोचेल अशी जागा सोडा. कुणी चारशे-पाचशे रुपयांत आत उतरायला तयार झाला, तरी त्याला हात धरून मागे ओढा. तो कुणाचा तरी बाप आहे, भाऊ आहे.