अर्ध्या वाटेवरची बोली

वडपे हे जितकं गाव आहे तितकाच नाका आहे. ठाण्याच्या माजिवड्याहून निघालेला भिवंडी बायपास 24 किलोमीटरच्या आसपास धावून इथे येतो आणि पुढे नाशिकची वाट धरतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला, ते आमणेही इथून जवळच. जिथे भाताची खाचरं होती तिथे आता लांबच लांब गोडाऊन उभी आहेत. गोडाऊन आलं की ट्रक येतो, हमाल येतो. मग त्यांच्यामागे चहा, पंक्चर, भंगार, सलून, किराणा.

दुकान चालवणारा बहुतेक वेळा लांबून आलेला असतो. किराणा राजस्थानातल्याचा, सलून उत्तर प्रदेशातल्याचं. गिऱ्हाईक मात्र आजूबाजूच्या पाड्यांतलं: आगरी, कुणबी, कातकरी, वारली. भिवंडीला हे नवं नाही. यंत्रमागांच्या खडखडाटात उत्तरेकडचे विणकर आणि तेलंगणातले पद्मशाली इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिले आहेत. गल्ल्यावर बसलेल्याला आणि गल्ल्यासमोर उभ्या असलेल्याला एकमेकांची भाषा पुरती येत नाही, तरीही मीठ-मिरची घरी पोचते. ती कशी पोचते, हे कान देऊन ऐकायची मला फार आवड आहे.

ऐकायला सगळ्यात चांगले दिवस एप्रिल-मेचे, वर्षाच्या मसाल्याचे. मिरच्या उन्हात पडलेल्या असतात, घरच्या म्हाताऱ्या बायका पिशव्या घेऊन गरम मसाल्याला निघतात. इथे म्हातारीला कोणी फसवू शकत नाही, कारण तिचं नाक सगळं ओळखतं.

“शेट, लवंग दे. आनि दगरफूल.”

“कवरं देऊ, आजी?”

“पयला वास घेव दे.”

शेठ मूठभर दगडफूल कागदावर ठेवतो. आजी ते चिमटीत चुरडते, हुंगते, मान हलवते. मग हळकुंडांची पाळी. शेठ स्वतःच एक हळकुंड कडकन मोडतो आणि आतला केशरी गाभा तिच्या डोळ्यांसमोर धरतो. “सेलमची हलद हाय आजी. तू पन एक तोरून बघ.” आजी खरंच दुसरं उचलते, मोडते. पटतं. आणि पैशांची वेळ आली की आजी तिच्या परीने हिंदीत शिरते: “कितना झाला? मेरे को बराबर हिसाब देव.” शेठ उत्तर देतो ते आगरीत. तिला वाटतं आपण त्याच्या भाषेत बोललो, त्याला वाटतं आपण तिच्या. हिशोब चोख लागतो.

या संवादातली एक गोष्ट मला कधीपासून भुरळ घालते. शेठची मायबोली मारवाडी. तिच्यात ळ आहे, ण आहे, अगदी मराठीसारखे. पुण्याच्या माणसासारखं ‘हळद’ म्हणणं त्याच्या जिभेला मुळीच जड नाही. पण त्याचं गिऱ्हाईक ‘हलद’ म्हणतं, ‘तांदूल’ म्हणतं, गाडीला ‘गारी’ म्हणतं. म्हणून त्याने घरून आणलेला ळ बाजूला ठेवला. शाळेतली मराठी तो शिकलाच नाही. तो शिकला समोरच्या बाईची मराठी. ग्रियरसनच्या भाषा-सर्वेक्षणात मराठीच्या खंडात, 1905 साली, आगरी बोलीची नोंद झाली. त्यानंतर आपण तिच्याकडे किती लक्ष दिलं? या परक्या माणसाने मात्र ती रोज कान लावून गिरवली. आणि ‘आजी, तू’ म्हणण्यात त्याची मर्यादा सुटत नाही. इथे आईला, आजीला तूच म्हणतात, हे त्याला कोणी सांगावं लागलं नाही.

अशा बाजारबोली जगभर जन्मल्या. उत्तर नॉर्वेच्या किनाऱ्यावर रशियन व्यापारी पीठ घेऊन यायचे आणि नॉर्वेजियन कोळ्यांकडून मासळी न्यायचे. त्या देवघेवीतून रुसेनोर्स्क नावाची चारेकशे शब्दांची बोली उभी राहिली. तिच्यात दोन्ही भाषांचा वाटा होता. वसाहतींमधल्या कितीतरी मिश्र बोलींत मळेवाल्याचा शब्द वरचढ आणि मजुराचा तोंडातल्या तोंडात जिरलेला. रुसेनोर्स्कचं तसं नव्हतं, दोघेही आपापल्या होडीचे मालक होते. 1917 च्या क्रांतीनंतर तो व्यापार थांबला आणि बोलीही उरली नाही. तिच्याबद्दल वाचताना मला सारखी मसाल्याची आजी आठवत राहिली.

आपल्याकडची बाजारी हिंदीही अशीच दोन्हीकडून घडलेली आहे. तिने हिंदीतला अवघड ‘ने’ टाकून दिला: ‘मैं बोला, तू सुना नहीं’. लिंगाचे काच सैल केले. मराठीचा ‘च’ घेतला आणि ‘इधरीच’, ‘वैसाच’ झालं. उत्तरेकडचा भाजीवाला गावी प्याज-आलू म्हणत असेल, इथे तो कांदा-बटाटाच ओरडतो. कुणी हिला मोडकी भाषा म्हटलं की मला वाईट वाटतं. फ्रँकलिन साउथवर्थ या भाषाशास्त्रज्ञाने तर 1971 साली असं मांडलं की खुद्द मराठीची जडणघडणही कधीकाळी आर्य आणि द्राविड भाषा बोलणाऱ्यांच्या अशाच सरमिसळीतून झाली असावी. सगळ्यांनी ते मानलं नाही. पण आपल्या भाषेच्या मुळाशी कुठेतरी दोन अनोळखी माणसं धान्याच्या राशीशी घासाघीस करत बसली असतील, ही कल्पना मला जवळची वाटते.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. 2025 च्या पावसाळ्यात मीरा रोडला मराठीवरून एका दुकानदाराला मारहाण झाली, तिची चित्रफीत घरोघर पोचली. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणणारे शासन निर्णय त्याच सुमारास, 29 जूनला, मागे घ्यावे लागले. सगळीकडे मराठीचाच विषय होता. पण थपडेने शिकलेला माणूस फार तर एक वाक्य पाठ करतो. वडप्याच्या शेठला आगरी आली ती आजीमुळे. तिला हिंदी तेवढीशी येत नव्हती आणि त्याची तिला लाजही नव्हती. ती तिचं बोलत राहिली, तो शिकत गेला. त्याला गिऱ्हाईक हवं होतं, तिला लवंग हवी होती.

आता तिचा नातू येतो. कानात हेडफोन. “भैया, एक चिप्स देना.” गल्ल्यावर शेठचा मुलगा. त्याला बापासारखीच आगरी येते, आजी आली की तो तिच्याशी बोलतोही. पण नातवाने हिंदीत सुरुवात केली, म्हणून हाही हिंदीत उत्तर देतो. नातू कोड स्कॅन करतो, गल्ल्यावरचा डबा रक्कम बोलून दाखवतो, आणि दोन शब्द बोलायचीही गरज उरत नाही. दोघेही इथेच जन्मलेले, इथल्याच मातीत खेळलेले. बोली अर्ध्या वाटेवर भेटते. आपल्याकडचं माणूस तिथवर गेलंच नाही तर पलीकडचा कोणासाठी थांबणार? आपण आपला वाटा आधीच सोडून देतो आणि मग दुकानाच्या पाटीवर राग काढतो. याचं मला खरंच दुःख आहे.

नाक्यावरच्या सलूनमध्ये हल्ली एक नवा पोरगा आला आहे, उत्तर प्रदेशातून, ताजा. मी खुर्चीत बसलो आणि नेहमीसारखं सांगितलं, “बाजूने बारीक कर, वरती राहू दे.” तो घुटमळला. कंगवा डोक्यावर आडवा धरून म्हणाला, “इतना?” मी म्हटलं, “अजून थोडे.” त्याने कंगवा वर सरकवला. “अजून?” “हां, एवढे.” कात्री चालू झाली. मी पैसे देत होतो तोवर पुढचा माणूस खुर्चीत बसला आणि कसे केस हवेत ते हिंदीत सांगू लागला. पोराने कंगवा धरला आणि त्याला विचारलं, “अजून थोडे?”