तंजावरच्या पुढे, समुद्रापर्यंत

तंजावरला गेलेला मराठी माणूस बृहदीश्वराच्या भिंतीवरचा भोसल्यांचा शिलालेख शोधतो, सरस्वती महाल ग्रंथालय पाहतो आणि परत फिरतो. मी या वेळी पूर्वेकडची बस धरली. कुंभकोणम, मयिलाडुतुरै आणि पुढे थेट समुद्र. शंभरेक किलोमीटरचा हा रस्ता कावेरीचे पाट ओलांडत जातो. दोन्ही बाजूंना भातशेती, मधूनच केळीची बाग आणि थोड्या थोड्या अंतरावर झाडांच्या वर डोकावणारे एखादे गोपुर. जायचे होते तरंगंबाडीला. युरोपियन कागदपत्रांत हिचे नाव ट्रँकेबार. भारतात डेन्मार्कचीही वसाहत होती हे आपल्यापैकी अनेकांना शाळेत कोणी सांगितलेले नसते.

गावात शिरताना पांढरी वेस लागते. १७९२ साली बांधलेली, माथ्यावर डेन्मार्कच्या राजाची मुद्रा. वेशीतून आत गेले की किंग स्ट्रीट सरळ समुद्राकडे जातो. दुतर्फा जाड खांबांच्या पडव्यांची घरे, दोन जुनी चर्चेस आणि मध्येच एखाद्या दारापुढे सकाळी घातलेला कोलम. रहदारी जवळजवळ नाही. रस्ता संपतो तिथे मोकळे मैदान, मैदानात डान्सबोर्ग किल्ला आणि त्याच्या पलीकडे बंगालचा उपसागर.

आपल्या जंजिऱ्याच्या किंवा सिंधुदुर्गाच्या मानाने डान्सबोर्ग लहान आहे. १६२० मध्ये ओव्हे येद्दे हा डॅनिश दर्यासारंग इथे आला आणि तंजावरच्या रघुनाथ नायकाने वार्षिक रकमेच्या बदल्यात त्याच्या कंपनीला हे गाव दिले. त्या व्यवहाराच्या वेळचे, सोन्याच्या पत्र्यावर कोरलेले नायकाचे पत्र आजही कोपनहेगनला जपलेले आहे. पुढे १६७० च्या दशकात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले आणि डॅनिशांचा तो वार्षिक भरणा भोसल्यांच्या खजिन्यात येऊ लागला. किल्ल्यात खाली कमानदार छतांची कोठारे आहेत. मिरी आणि कापड इथे साठायचे. वरच्या मजल्यावर गव्हर्नरचे दालन, आता तिथे छोटे संग्रहालय. तटावर उभे राहिले की वारा अंगावर येतो.

याच किल्ल्यात १७०८ मध्ये बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग चार महिने कैदेत होता. डेन्मार्कच्या राजाने पाठवलेला हा तरुण जर्मन धर्मोपदेशक १७०६ च्या जुलैत इथे उतरला, तमिळ शिकला, शाळा काढल्या आणि व्यापाऱ्यांच्या कमांडंटला नकोसा झाला. धर्मांतराच्या त्याच्या हेतूबद्दल ज्याला जे वाटायचे ते वाटो. त्याने तमिळ भाषेसाठी घेतलेले कष्ट मला थक्क करतात. छापखाना जहाजातून आणवला. तमिळ खिळे जर्मनीतल्या हाले शहरात ओतून आले, पण ते इतके मोठे की कागद पुरेना. मग इथेच लहान खिळे पाडले, शेजारी पोरैयारला कागद बनवण्याचा उद्योग आरंभला. १७१५ पर्यंत तमिळ नवा करार छापून झाला. चार वर्षांनी, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, तो गेला. किंग स्ट्रीटवरच्या न्यू जेरुसलेम चर्चमध्ये त्याची कबर आहे. मी बराच वेळ तिथे बसलो.

बसलो, कारण आपल्या छापील अक्षराची एक वाट इथूनही गेली आहे. याच मिशनमध्ये १७५० साली श्वार्ट्झ नावाचा तरुण दाखल झाला. पुढे तो तंजावरला गेला आणि मरणशय्येवरच्या तुळजाराजांनी दत्तक मुलाला, म्हणजे सरफोजींना, त्याच्या हवाली केले. सरफोजींनी मोठेपणी राजवाड्यात देवनागरीचा छापखाना उभारला आणि १८०६ मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापच्या गोष्टींचे मराठी पुस्तक छापले. त्याच्या एकच वर्ष आधी विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण बंगालमधल्या श्रीरामपूरला छापले गेले होते, आणि श्रीरामपूरही डॅनिशांचेच. इंग्रज कंपनीला मिशनरी नको होते म्हणून कॅरीने तिथे आसरा घेतला होता. तेव्हा पुण्यात पेशवाई होती आणि मराठी छापखान्याचा पत्ता नव्हता.

म्हणून डॅनिशांना फार चांगले ठरवायचे कारण नाही. ‘ते इंग्रजांसारखे नव्हते,’ हे वाक्य गावात दोनदा ऐकले, आणि दोन्ही वेळा पटले नाही. सतराव्या शतकात याच बंदरातून गुलाम म्हणून माणसेही जहाजांवर चढवली गेली. नफा आटला तेव्हा, १८४५ मध्ये, तरंगंबाडी आणि श्रीरामपूर मिळून साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांना विकून टाकली. तिथे राहणाऱ्यांना कोणी विचारले नाही.

किनाऱ्यावर वाळू मऊ आहे, लाट मात्र दांडगी. पोहण्याचा मोह आवरावा. किल्ल्याच्या उत्तरेला चौदाव्या शतकाच्या आरंभी मारवर्मन कुलशेखर पांड्याने बांधलेले मासिलामणिनाथाचे मंदिर. त्याचा समुद्राकडचा मोठा भाग लाटांनी गिळला आहे. आता धूप थोपवायला मोठमोठे दगड टाकले आहेत. जाळे विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळ्याने पाण्यात दूरवर बोट दाखवून गाव पूर्वी कुठवर होते ते खुणेने सांगितले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तेव्हाच्या नागपट्टिनम जिल्ह्यात सहा हजारांहून अधिक माणसे गेली, त्यांत इथल्या कोळीवाड्यातली अनेक होती. त्यानंतर मोडकी घरे दुरुस्त झाली, डेन्मार्कहूनही मदत आली. किल्ला आणि बंगले सावरले याचा आनंद आहे, पण त्या मंदिराकडे आणि कोळीवाड्याकडेही तितक्याच आस्थेने पाहिले जायला हवे.

तंजावरला जाल तेव्हा मुक्काम एका रात्रीने वाढवा आणि तरंगंबाडीला राहा. ऑक्टोबर ते डिसेंबर तिथे पाऊस आणि वादळे असतात, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारी निवडा. पहाटे लवकर उठा. कोकणात समुद्रात बुडणारा सूर्य इथे समुद्रातून वर येतो. आणि मुलांना बरोबर न्या, त्यांना सरफोजींच्या छापखान्याची गोष्ट तिथेच सांगा.