वाईचे आठ दिवस

महाबळेश्वर-पाचगणीला निघालेली मंडळी वाईला थांबतात ती फार तर दोन तास. ढोल्या गणपतीचं दर्शन, घाटावर एखादा फोटो, घोटभर चहा, की गाडी लागलीच पसरणीच्या घाटाला! मला मात्र गेली तीन वर्षं, वर्षातून दोनदा, आठ-आठ दिवस वाईला राहायचा योग येतो. कारण आमचे अण्णा आता वाईजवळच्या एका वृद्धाश्रमात असतात.

हे वाचून काहीजणींच्या कपाळाला आठी पडली असेल. आमच्या शेजारच्या वहिनीही म्हणाल्याच होत्या, "अगंबाई, लेक असून?" आमची डोंबिवलीची जागा दोन खोल्यांची, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, भाऊ परदेशात. आई गेली आणि अण्णांनी स्वतःच आश्रम पाहिला, पेन्शनमध्ये भागतं का याचा हिशेब मांडला आणि मगच आम्हाला पत्र टाकलं. त्यांची उभी नोकरी वाईला मास्तरकीत गेलेली. "परक्यांत राहायचंच, तर निदान कृष्णाकाठी राहीन," एवढंच लिहिलं होतं.

पुण्याला स्वारगेटला एस. टी. मिळते. 2023 च्या मार्चपासून आपल्याला अर्धं तिकीट झालंय, तेव्हा प्रवासखर्चाची सबब घरात कोणी सांगू शकत नाही! खंबाटकीचा घाट संपला की सुरूर फाट्याला गाडी हमरस्ता सोडून उजवीकडे वळते. दोन्ही बाजूंना ऊस आणि हळदीची शेतं दिसू लागतात, समोर डोंगर जवळ यायला लागतात आणि वाई येते. मी उतरते गणपती आळीत, बालमैत्रिणीकडे. आश्रमात नातेवाइकांना मुक्काम करता येत नाही, आणि ते बरंच आहे. रोज सकाळी 'जाऊन येते' म्हणत पायांत चपला घालायच्या, म्हणजे माहेरी आल्यासारखं वाटतं.

आश्रमाचा दिवस घड्याळावर चालतो. सहाला चहा, आठाला नाश्ता, साडेअकराला जेवण, तीनला पुन्हा चहा, सातला जेवण. पहिल्या खेपेला मी आठालाच हजर झाले होते. तेव्हा आंघोळींची गडबड चाललेली. कोणाला धरून न्यायचंय, कोणाची लुंगी बदलायचीय, आणि तिथे मी पाहुणी म्हणून उभी! आता दहाला जाते. अण्णा तोवर दाढी करून, स्वच्छ बंडी घालून खाटेवर वर्तमानपत्र घेऊन बसलेले असतात. खोलीत तिघे. एक काका दिवसभर रेडिओ कानाला लावून असतात, दुसरे बोलतच नाहीत. पण मी गेले की आपली खुर्ची पुढे सरकवतात.

पहिला प्रश्न ठरलेला. "कृष्णेला पाणी किती?"

अण्णांना आता गुडघ्यांमुळे घाटापर्यंत जाता येत नाही. म्हणून मी मुद्दाम घाटावरून जाते. कितव्या पायरीला पाणी आहे, धुणं धुणाऱ्या बायका किती होत्या, हे सारं सांगायचं. मग दुसऱ्या दिवसाची कामगिरी मिळते. मास्तरच ते!

एके दिवशी ढोल्या गणपतीला पाठवलं. रास्त्यांनी अठराव्या शतकात बांधलेलं हे देऊळ. मूर्ती एवढी थोरली की नावच ढोल्या पडलं. मी दर्शन घेऊन परतले, तर म्हणतात, "मागची भिंत पाहिलीस?" लहानपण तिथे गेलं, पण देवळाच्या पाठीमागे कोण जातं! परत गेले. नदीकडची ती भिंत माशासारखी निमुळती आहे. पुराचं पाणी येऊन आदळलं की दोन्ही अंगांनी फाटून जातं, गाभाऱ्याला धक्का लागत नाही. इतकी वर्षं आपण नुसते हात जोडून निघून येतो, बघा.

दुसऱ्या दिवशी मेणवली. वाईपासून जेमतेम तीन किलोमीटर. नाना फडणविसांचा वाडा, खालचा देखणा घाट, आणि घाटावर टांगलेली ती प्रचंड घंटा. वसईच्या मोहिमेत, 1739 साली, मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून जिंकून आणलेली. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे, आणि आता ती कृष्णाकाठी देवळाशेजारी नांदते आहे. शाहरुख खानचा 'स्वदेस' पाहिलेल्यांना हा घाट लगेच ओळखू येईल. 

माघ-फाल्गुनात गेलं, तर कृष्णाबाईचा उत्सव असतो. वाईच्या सात घाटांवर पाळीपाळीने कृष्णाबाई बसते, मांडव पडतात, कीर्तनं होतात, पंगती उठतात. अफजलखानाचं संकट टळावं म्हणून बोललेला हा नवस, असं सांगतात. यंदा मी तिथला प्रसाद द्रोणात घालून अण्णांकडे नेला. त्यांनी खोलीतल्या दोघांना आधी वाढला. न बोलणारे काका प्रसाद तोंडात टाकून चक्क म्हणाले, "गंगापुरीचा का?" सगळे त्यांच्याकडे बघतच राहिले.

पण सगळं असं गोडच असतं असं नाही. गेल्या खेपेला, पाचव्या दिवशी, अण्णा नखं कापून घेत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या सासूबाईंची खाट हॉलमध्ये असते ना? म्हणजे आत एक खाट मावेल?" माझा हात थांबला. थापा मारणं सोपं होतं. 'दिवाळीनंतर बघू' म्हटलं असतं, तर तो दिवस निभावला असता. पण मग त्यांनी दिवाळीची वाट पाहिली असती. मी म्हटलं, "अण्णा, खाट मावेल. पण दोघांचं करायला मी पुरणार नाही." ते बराच वेळ गप्प होते. मग दुसरा हात पुढे केला. "करंगळीचं नीट काप. मागे राहिलं होतं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. कायद्याने विचाराल, तर 1987 सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे, की आईवडिलांना पोसायची जबाबदारी लग्न झालेल्या मुलीवरही आहे. 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यातही मुलगा आणि मुलगी असा भेद नाही. अण्णांना माझ्या पैशाची गरज नाही. पण जबाबदारी काही पैशापाशी संपत नाही, आणि एका घरात खाटा मांडूनही संपत नाही. मला जे देता येतं, ते म्हणजे हे वर्षाचे सोळा दिवस आणि दर रविवारचा फोन. ते तरी पुरे द्यायचे, एवढं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा घाटावरून गेले. अण्णांनी पाणी विचारलं. मी सांगितलं.

ज्या मैत्रिणींना अशा भेटीला जावं लागतं, त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगते. कपड्यांवर शाईने नाव घालू नका, चार धुण्यांत उडतं. लाल दोऱ्याने आतल्या बाजूला आद्याक्षर भरा, म्हणजे धोब्याकडे बंड्यांची अदलाबदल होत नाही. खाऊ नेताना आधी व्यवस्थापकांना विचारा, कोणाला साखर वर्ज्य असते. डिंकाचे लाडू दातांना पेलत नाहीत. मेतकूट, मऊ सांजा, साईचं ताजं दही चालतं, आणि न्यायचं ते खोलीतल्या सगळ्यांना पुरेल एवढं. श्रवणयंत्राचे सेल जास्तीचे ठेवून या. पेन्शन असेल, तर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो, तेव्हा एक फेरी त्या महिन्यात धरा.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, त्यांनी काही दिलं तर घ्या. अण्णा तीनच्या चहाची दोन बिस्किटं माझ्यासाठी कागदात बांधून ठेवतात. आधी मी "तुम्हीच खा हो" म्हणायची. त्यांचा चेहरा पडायचा. आता मी ती त्यांच्यासमोरच खाते. सादळलेली असतात, पण बापाच्या घरून रिकाम्या हाताने, रिकाम्या पोटी परतायचं नसतं, एवढा एकच रिवाज त्यांच्या हातात उरला आहे.

निघायच्या दिवशी पुढची कामगिरी मिळाली. "आता श्रावणात ये. नदीला पाणी चढलं की ती मागची भिंत बघ, पाणी कसं फाटतं ते. मी उन्हाळ्याचंच विचारतोय सारखं. पुराचं मला नीट सांग."

वय त्यांचं सत्त्याऐंशी. मी श्रावणातल्या तारखा घरी आत्ताच सांगून ठेवल्या आहेत.