अंगणातील पोपटी

पौष सरत येऊन वालाच्या शेंगा भरल्या, की अलिबागकडील माणसास पोपटीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. आमचे घराणे मूळचे तिकडचे. मुलुंडास येऊन तीन पिढ्या लोटल्या, भोवतीच्या बंगल्यांच्या जागी उंच इमारती आल्या, तरी घरामागील अंगणात वर्षातून एकदा पोपटी लावण्याचा आमचा परिपाठ अद्याप चालू आहे.

ज्या वाचकांस हा प्रकार ठाऊक नसेल, त्यांच्याकरिता कृती थोडक्यात सांगतो. मातीच्या मडक्यास आतून तळाशी व कडेने भांबुर्ड्याचा पाला लावावा. त्यात वालाच्या अखंड शेंगा, बटाटे, रताळी व लहान वांगी भरून मधून मधून जाडे मीठ व ओवा पेरावा. तोंड त्याच पाल्याने घट्ट बंद करून मडके जमिनीवर पालथे ठेवावे, व भोवती लाकडे आणि गवत रचून ते पेटवावे. वेगळे पाणी घालावयाचे नाही. शेंगांच्या अंगच्या ओलाव्याची वाफ आत कोंडते व तिच्यावर सारे शिजते. सुमारे अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडावे; ते चर्र करून तत्काळ आटले, की पोपटी झाली. रायगड जिल्ह्यात पुष्कळ घरी तीत कोंबडी व अंडीही घालतात. आमचे शेंगांवर उत्तम भागते.

यंदा तयारी चालली असता सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्हां पुरुषांना वर्षातून एकदा विस्तव फुंकण्याची मौज वाटते. आजींनी तो रोज फुंकला, त्यांना कोणी विचारले होते?"

प्रश्न बिनतोड होता. घरात गॅस येईपर्यंत माझ्या आईने दोन्ही वेळचा स्वयंपाक चुलीवर केला. तिचे लाल झालेले डोळे व उतारवयातील खोकला मला स्मरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातील अशा धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. 'चुलीवरच्या भाकरीची गोडी' वर्णन करताना ती भाकरी थापणारीच्या डोळ्यांचा आपणांस सोयीस्कर विसर पडतो. शिवाय जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूडकोळशाच्या भट्ट्यांवर चालणाऱ्या बेकऱ्यांस सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. ज्यांचे पोट भट्टीवर, त्यांनी ती बदलावी आणि आपण हौसेखातर धूर करावा, हे कसे शोभेल?

तरीही पोपटी अजिबात सोडावी, असे मला वाटत नाही. एरवी आपापल्या खोलीत असणारी घरची लहानथोर माणसे त्या संध्याकाळी एका विस्तवाभोवती बसतात, हा लाभ लहान नव्हे. मात्र त्यास काही बंधने हवीत. पोपटी वर्षातून एकदाच व्हावी. लाकूड खडखडीत वाळलेले असावे. हिवाळ्यात हवा कोंदट असेल तर बेत पुढे ढकलावा. शेजाऱ्यांस आगाऊ कळवावे आणि खावयासही बोलवावे. पाला आणणे, शेंगा धुणे, जाळ राखणे, हे सारे पुरुषांनी करावे. दुसरे दिवशी राखही त्यांनीच भरावी. घरच्या बायकांच्या वाट्यास त्या दिवशी केवळ गरम शेंगा सोलून खाण्याचे काम असावे.